बॅक टू द फ्यूचर : खुसपटे आणि भौतिकशास्त्र

काही वर्षांपूर्वी विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात आमच्याकडे एक व्याख्यान सोपवण्यात आले होते. विषय होता, चित्रपटांतील चुकीचे विज्ञान. आम्ही उत्साहाने ‘बॅक टू द फ्यूचर’ ही चित्रत्रयी निवडली आणि तिच्यातील चुकांची लांबलचक यादी तासभर वाचून दाखवली. श्रोते हसले, आम्हीही खूश झालो. शेवटी मागच्या रांगेतील एका शिक्षिकेने एकच प्रश्न विचारला आणि आमच्या यादीतील सर्वांत लाडकी चूक ही चित्रपटाची नसून आमचीच आहे, हे सिद्ध झाले. तो प्रश्न पुढे येईलच. पण त्या दिवसापासून या चित्रपटांकडे आणि त्यांतील खुसपटे काढणाऱ्या चाहत्यांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. प्रस्तुत लेख हा काही अंशी त्या व्याख्यानाची दुरुस्ती आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग १९८५ साली आला, दुसरा १९८९ मध्ये आणि तिसरा १९९०मध्ये. झेमेकिस यांच्याबरोबर पटकथा लिहिणारे बॉब गेल यांच्या हाती एकदा आपल्या वडिलांच्या शाळेचे जुने वार्षिक लागले आणि त्यांना प्रश्न पडला की, आपण वडिलांच्या वर्गात असतो तर आपली त्यांच्याशी मैत्री झाली असती का? मालिकेचे बीज एवढेच. मार्टी मॅकफ्लाय हा कॅलिफोर्नियातील हिल व्हॅली या काल्पनिक गावचा मुलगा. त्याचा वयोवृद्ध मित्र डॉक एमेट ब्राउन याने डेलोरियन मोटारीचे कालयंत्र बनवलेले आहे. त्यात बसून मार्टी अपघातानेच १९५५ साली पोहोचतो, आपल्या आईवडिलांची पहिली भेट नकळत मोडतो आणि मग स्वतःचा जन्म वाचवण्यासाठी त्यांचे जमवून देण्याची पाळी त्याच्यावर येते. दुसऱ्या भागात २०१५, बिघडलेले १९८५ आणि पुन्हा १९५५ अशी धावपळ आहे. तिसरा भाग १८८५ सालच्या रानटी पश्चिमेत घडतो.

आम्ही ही मालिका शाळकरी वयात केबलवर पाहिली, आणि तीही दुसरा भाग आधी, पहिला नंतर. तरीही गोष्ट कळली, हे पटकथेचे मोठेच प्रशस्तिपत्र म्हटले पाहिजे. जगभरच्या चाहत्यांच्या आठवणी अशाच असतात. मोटारीचे वर उघडणारे दरवाजे, टायरांनी रस्त्यावर पेटवलेल्या आगीच्या दोन रेघा, डॉकचे पिंजारलेले केस. २१ ऑक्टोबर २०१५ हा दुसऱ्या भागात मार्टी ज्या दिवशी भविष्यात उतरतो तो दिवस प्रत्यक्षात उजाडला तेव्हा चाहत्यांनी तो सणासारखा साजरा केला. आणि याच चाहत्यांनी गेली चाळीस वर्षे या चित्रपटांतील एकेक दृश्य थांबवून थांबवून तपासले आहे. ज्याच्यावर प्रेम नाही त्याची एवढी झडती कोणी घेत नाही.

आता खुसपटे. काही किरकोळ असतात. १९५५ च्या नृत्यसमारंभात मार्टी जे गिब्सन गिटार वाजवतो, ते त्या साली बाजारात आलेलेच नव्हते. दुसऱ्या भागात शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ २०१५ मध्ये विश्वविजेता ठरतो. खरा जिंकला २०१६ मध्ये, आणि एका वर्षाची ही चूक आम्ही तरी चूक मानणार नाही. त्याच २०१५ मध्ये घरोघर फॅक्स यंत्रे आहेत, पण कोणाच्याही खिशात फोन नाही. भविष्यवेत्त्यांचे असेच होते. असल्या गोष्टींत फार वेळ घालवू नये.

पण काही खुसपटे अशी आहेत की त्यांतून नववी-दहावीच्या वर्गाचा एक अख्खा तास उभा राहतो. त्यांतले सर्वांत चांगले आहे ते घड्याळाच्या मनोऱ्याचे.

प्रसंग असा. १९५५ मध्ये अडकलेल्या मार्टीला परत पाठवण्यासाठी १.२१ गिगावॅट एवढी शक्ती हवी आहे, आणि ती तेव्हा केवळ आकाशातल्या विजेकडूनच मिळू शकते. वीज कधी व कोठे पडेल हे कोणाला ठाऊक असते? मार्टीला असते. त्याच्या खिशात १९८५ मधले एक पत्रक आहे, मैत्रिणीने मागच्या बाजूला फोन नंबर लिहून दिला म्हणून जपलेले. त्यावर लिहिले आहे की, १२ नोव्हेंबर १९५५ रोजी रात्री १० वाजून ४ मिनिटांनी मनोऱ्यावर वीज पडून घड्याळ कायमचे बंद पडले. मनोऱ्यावरून एक तार रस्त्यावर आडवी आणायची, मोटारीला आकडा लावायचा, आणि वीज पडते त्याच क्षणी मोटार ताशी ८८ मैल वेगाने तारेखालून जायला हवी. डॉक सारा हिशेब सेकंदाबरहुकूम करतो आणि मार्टीने केव्हा निघायचे त्यासाठी मोटारीत गजराचे घड्याळ ठेवतो.

चाहत्यांनी विचारले की, पत्रकात तर फक्त मिनिट आहे, सेकंद कोठून आले? प्रश्न अगदी रास्त आहे. ताशी ८८ मैल म्हणजे ताशी सुमारे १४२ किलोमीटर, सेकंदाला ३९.३ मीटर. १० वाजून ४ मिनिटे हे वाचन साठ सेकंदांपैकी कोणत्याही सेकंदाचे असू शकते, आणि साठ सेकंदांत ही मोटार २.३६ किलोमीटर जाते. म्हणजे मोटारीची जागा सव्वादोन किलोमीटरहून अधिक अनिश्चित आहे आणि आकडा अडकायचा आहे एका तारेत! शिवाय मनोऱ्याचे घड्याळ मुळात बरोबर चालत होते, हे तरी कशावरून? गावातील सार्वजनिक घड्याळे दोन-तीन मिनिटे मागेपुढे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. डॉकचे मनगटी घड्याळ कशाशी जुळवलेले आहे? त्या मनोऱ्याशीच जुळवलेले असेल तर ठीक. पण नभोवाणीशी जुळवले असेल तर संपलेच. मोजमापातील लघुत्तम माप, उपकरणाची त्रुटी आणि दोन घड्याळांचे एकमेकांशी जुळवणे हे तीन धडे येथे एका दृश्यात गोळा झाले आहेत. पाठ्यपुस्तकात ते तीन रुक्ष परिच्छेदांत येतात आणि मुले ते पाठ करून विसरतात.

एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. निघायच्या ऐन वेळी मोटार बंद पडते. गजर वाजतो, मार्टी किल्ली फिरवत राहतो, इंजिन ढिम्म. अखेर वैतागून तो सुकाणूचाकावर डोके आपटतो आणि मोटार सुरू होते. म्हणजे तो काही सेकंद उशिरा निघाला. दहा सेकंद उशीर झाला असे समजा. डॉकने आखलेल्या रीतीनेच त्याने वेग वाढवला, तर वीज पडेल तेव्हा तो तारेपासून ३९३ मीटर मागे असायला हवा. तरीही तो वेळेवर पोहोचतो. चाहते यावर दोन स्पष्टीकरणे देतात. एक, मार्टीने आखणीपेक्षा जोरात वेग वाढवला आणि हरवलेली सेकंदे भरून काढली. दोन, डॉकचे गणितच तेवढ्या सेकंदांनी चुकले होते आणि दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले. पहिले स्पष्टीकरण शक्य आहे की नाही हे वेग-काळ आलेखाखालील क्षेत्रफळ काढून मुलांना तपासता येईल. आम्हाला स्वतःला दुसरे अधिक आवडते. प्रयोगशाळेत असे आमच्याही बाबतीत घडले आहे, आणि त्या वेळी आम्हीही चेहरा तसाच निर्विकार ठेवला होता.

आता त्या १.२१ गिगावॅटविषयी. पहिल्याच भागात डॉक हा शब्द ‘जिगोवॅट’ असा उच्चारतो आणि कित्येक वर्षे लोक त्याला हसत आले. हे खुसपट मात्र काढणाऱ्यावरच उलटते. ‘गिगा’ हा उपसर्ग राक्षस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि इंग्रजीत ‘जायगँटिक’मध्ये आपण ज म्हणतोच, जुन्या इंग्रजी शब्दकोशांत या उपसर्गाचा ज ने सुरू होणारा उच्चार ग्राह्य धरलेला आहे. खरा प्रश्न उच्चाराचा नसून राशीचा आहे. वॅट हे शक्तीचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे. १.२१ गिगावॅट किती वेळ हवे, हे चित्रपट कोठेही सांगत नाही. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे कालयंत्राला तिच्या सहा दशांशाहून थोडी अधिक शक्ती लागते. ऐकून छाती दडपते. पण ती एकच सेकंद लागत असेल तर एकूण ऊर्जा झाली १.२१ अब्ज ज्यूल, म्हणजे विजेची ३३६ युनिटे. बेताने वीज वापरणाऱ्या घराचे दोन-तीन महिन्यांचे बिल! आकाशातील एका विजेची ऊर्जाही ढोबळमानाने अब्ज ज्यूलच्या घरातच असते, आणि ती सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात बाहेर पडत असल्याने तिची क्षणिक शक्ती १.२१ गिगावॅटच्या कितीतरी पुढे जाते. प्लुटोनियमचा हिशेबही असाच. सुमारे १५ मिलिग्रॅम प्लुटोनियमचे पूर्ण विखंडन झाले तर एवढी ऊर्जा मिळते. अडचण ऊर्जा मिळवण्याची नसून ती इतक्या झटपट, मोटार न वितळवता, यंत्रात भरण्याची आहे. विद्यार्थी शक्ती आणि ऊर्जा यांत गल्लत करतात अशी तक्रार आपण दरवर्षी करतो. ‘किती वेळ?’ हा एक प्रश्न या दृश्यावर विचारून पाहावा.

आता आमच्या फजितीकडे वळू. पहिल्या प्रयोगात डॉक आपल्या आइन्स्टाइन नावाच्या कुत्र्याला मोटारीत बसवून एक मिनिट भविष्यात पाठवतो. मोटार अदृश्य होते आणि मिनिटाने तेथेच प्रकट होते. शिबिरात आम्ही मोठ्या थाटात म्हणालो की, हे अशक्य आहे, कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. एका मिनिटात ती १८०० किलोमीटर पुढे गेलेली असणार. बिचारा कुत्रा अंतराळात प्रकट व्हायला हवा होता! हे खुसपट चाहत्यांतही फार लोकप्रिय आहे आणि काढताना फार विद्वान वाटते.

त्या शिक्षिकेने विचारले, “सर, १८०० किलोमीटर कशाच्या सापेक्ष?”

सूर्याच्या सापेक्ष, असे आम्ही म्हणालो. पण सूर्यच का? दीर्घिकेच्या केंद्राच्या सापेक्ष सूर्य सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर जातो. त्या हिशेबाने अंतर १३ हजार किलोमीटरवर जाते. विश्वात सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाच्या सापेक्ष घेतले तर २२ हजार किलोमीटर. नुसते पृथ्वीच्या अक्षाभोवतीचे फिरणे घेतले तर वीस-बावीस किलोमीटर. आणि जमिनीच्या सापेक्ष घेतले तर शून्य, म्हणजे चित्रपटात दाखवले तेच. ‘तीच जागा’ या शब्दांना संदर्भचौकट सांगितल्याशिवाय अर्थच नाही, हे गॅलिलिओपासून आपण शिकवत आलो आहोत. अवकाशात एक स्थिर, निरपेक्ष जागा असते आणि पृथ्वी तिच्यावरून सरकून जाते, ही समजूत चित्रपटाची नव्हती, आमची होती.

घरी येऊन आम्ही गणित केले तेव्हा आणखी मौज कळली. मोटार नाहीशी होताना तिला पृथ्वीचा वेग होताच. समजा, त्या एका मिनिटात तिच्यावर कसलेच बल लागले नाही आणि जडत्वाने ती सरळ रेषेत जात राहिली. मग पृथ्वीच्या वक्र कक्षेपासून ती किती ढळेल? सूर्याकडील त्वरण वर्गसेकंदाला सुमारे ०.००६ मीटर, साठ सेकंदांत ढळण अवघे ११ मीटर. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे कॅलिफोर्नियाच्या अक्षांशावर आणखी सुमारे ५० मीटर. म्हणजे कुत्रा १८०० किलोमीटर दूर नव्हे, तर याच वाहनतळाच्या आसपास, फार तर पन्नास-साठ मीटर वर किंवा बाजूला. उलट, त्याच जडत्वाने मोटारीचा ताशी ८८ मैलांचा वेग तिला २.३६ किलोमीटर पुढे नेईल, आणि ते चित्रपटात दिसत नाही. खुसपट काढायचेच तर हे काढायला हवे होते. तीस वर्षांच्या उडीसाठी अर्थातच असा सोपा हिशेब चालणार नाही.

भविष्यात जाणे हा तसा निसर्गाला मान्य असलेला प्रवास आहे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळे विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला नेली आणि ती जमिनीवरील घड्याळांपेक्षा नॅनोसेकंदांनी मागेपुढे झालेली आढळली. डेलोरियन ताशी ८८ मैल वेगाने तासभर चालवली तर केवळ वेगामुळे तिच्यातील घड्याळ सेकंदाच्या सुमारे ३१ लक्षकोट्यंशाने मागे पडेल. कंटाळवाणे असले तरी ते कालयंत्रच म्हणायचे. भूतकाळात जाण्याचे प्रकरण निराळे. ग्योडेल यांनी १९४९ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांतून अशी वाट सैद्धांतिक दृष्ट्या निघू शकते हे दाखवले, १९८८ मध्ये थॉर्न व सहकाऱ्यांनी कृमिविवरांचा मार्ग सुचवला आणि १९९२ मध्ये हॉकिंग यांनी निसर्ग अशा वाटा बंदच ठेवत असावा असा तर्क मांडला. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

चित्रपटाला निकालाची गरज नसते. त्याला स्वतःचा नियम पाळणे पुरेसे असते. आणि आमच्या मते या मालिकेची खरी परीक्षा येथे आहे. पहिल्या भागात नियम असा की, आईवडिलांची भेट मोडताच मार्टीच्या जवळच्या छायाचित्रातील भावंडे हळूहळू पुसली जातात, आधी थोरला भाऊ, मग बहीण, मग तो स्वतः. दृश्य म्हणून हे अप्रतिम आहे. काळाचा काटा डोळ्यांना दिसतो. पण ‘हळूहळू’ म्हणजे कोणत्या काळात? भूतकाळ अमुक होता आणि ‘नंतर’ तमुक झाला असे म्हणताच तो ‘नंतर’ मोजायला दुसरा एक काळ लागतो. एका फळ्यावर दोन काळांचे अक्ष काढावे लागतात. चित्रपट दुसरा अक्ष गुपचूप वापरतो आणि त्याचे नावही घेत नाही.

दुसऱ्या भागात डॉक खरोखरच फळ्यावर रेघ ओढतो, तिला भूतकाळात एके ठिकाणी फाटा फोडतो आणि सांगतो की, आपण फाट्यावरच्या १९८५ मध्ये आहोत. येथून भविष्यात गेलो तर याच फाट्याच्या भविष्यात जाऊ. विज्ञानाचा धडा म्हणून संपूर्ण मालिकेतील हे सर्वोत्तम दोन मिनिटांचे दृश्य आहे. पण याच नियमाने म्हातारा बिफ १९५५ मध्ये स्वतःच्या तरुणपणाला क्रीडानिकालांचे पुस्तक देऊन जुन्या २०१५ मध्ये परत येऊच शकत नाही. तो मात्र येतो, आणि तो मोटार परत ठेवतो म्हणूनच पुढची गोष्ट घडते. समर्थक म्हणतात की बदल पसरायला वेळ लागतो, छायाचित्रासारखा; आणि परत आलेला बिफ नाहीसा होतो असे दृश्य चित्रितही झाले होते, ते पुढे कापले गेले. म्हणजे दुसऱ्या भागाला वाचवायला पहिल्या भागाचा नियम उसना आणावा लागतो. आम्ही हे खुसपट मान्य करतो.

तिसऱ्या भागातील पेट्रोलचे खुसपट तर्कशास्त्राचा छान व्यायाम आहे. १८८५ मध्ये मार्टीच्या मोटारीची इंधननळी फाटून पेट्रोल वाहून जाते. पण त्याच वेळी दुसरी डेलोरियन, म्हणजे तीच मोटार, डॉकने जवळच्या खाणीत दडवलेली आहे. तिच्यातले पेट्रोल का काढले नाही? दडवलेल्या मोटारीला हात लावला तर १९५५ मध्ये ती सापडणार नाही, असे उत्तर मुले देतात. सुटे भाग काढले तर ते बरोबर आहे. पेट्रोल काढले तर काय बिघडते? सत्तर वर्षांनी त्या टाकीतले पेट्रोल कोणी वापरणार नव्हते. टाकी डॉकने दडवतानाच रिकामी केली असेल, हाच काय तो बचाव. शहाणा माणूस मोटार दीर्घकाळ ठेवताना तसे करतोच, कारण साठवलेले पेट्रोल चिकट होऊन नळ्या बुजवते. पुढे डॉक व्हिस्कीवर इंजिन चालवू पाहतो आणि इंधन पुरवणारा भागच उडवतो, तेव्हा मात्र सुट्या भागाचा प्रश्न येतो आणि खाणीतली मोटार खरोखर अस्पर्श होते.

मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही इतिहासाला एका क्षणी फाटा फुटतो. पण नारळीकर दोन्ही जगे शाबूत ठेवतात. एक पुसून दुसरे लिहीत नाहीत. पुंजभौतिकीतील पर्यायांचा आधार त्यांनी घेतला आहे तो म्हणूनच. त्यामुळे छायाचित्र कोणत्या काळात पुसले जाते हा प्रश्नच त्या कथेत उद्भवत नाही. शास्त्रज्ञाने लिहिलेली कथा आणि पटकथाकारांनी लिहिलेली कथा यांतला हा फरक आहे. अर्थात, डोक्याला धक्का बसून पंत त्या जगात जातात, ही युक्ती काही फारशी वेगळी नाही.

धक्क्यावरून आठवले. आमची या मालिकेविषयी एक तक्रार आहे, आणि ती कोणत्याही यादीत आम्हाला फारशी आढळली नाही. कालयंत्राची कल्पना डॉकला कशी सुचते? ५ नोव्हेंबर १९५५ रोजी घड्याळ टांगताना तो शौचकूपावरून घसरतो, डोके आपटते आणि डोळ्यांसमोर आकृती उभी राहते. त्यानंतर ती प्रत्यक्षात आणायला तीस वर्षे आणि घराण्याची सारी संपत्ती लागली, हे एका वाक्यात उरकले जाते. डॉकच्या घरात न्यूटन, फ्रँकलिन, एडिसन आणि आइन्स्टाइन यांच्या तसबिरी आहेत, पण एकही सहकारी नाही, विद्यार्थी नाही, त्याची चूक दाखवून देणारे कोणी नाही. सफरचंद पडले आणि गुरुत्वाकर्षण सुचले, टबातून पाणी सांडले आणि तत्त्व सापडले, अशा गोष्टी आपण वर्गात आधीच पुष्कळ सांगतो. या मालिकेने त्यांत आणखी एकीची भर घातली, तीही फार देखण्या रूपात. गिटारचे साल चुकले तर कोणाचे काही बिघडत नाही. संशोधन म्हणजे एकट्या अवलियाच्या डोक्याला बसलेला धक्का, हे चित्र मात्र मुलांच्या मनात पक्के बसते आणि पुढे आमच्यासारख्यांकडे संशोधनाला येणारा विद्यार्थी पहिल्या वर्षभरात सुचले काहीच नाही म्हणून खचतो. अशा दोघातिघांची समजूत आम्ही घातली आहे.

जाता जाता, एका आठवीतल्या मुलाने काढलेले खुसपट. पहिल्या भागाच्या अखेरीस मार्टी निघाला त्याच्या काही मिनिटे आधीच परत येतो आणि दुसरा एक मार्टी मोटारीतून १९५५ कडे निघून जाताना पाहतो. बाजारसंकुलाचे नाव आता ‘ट्विन पाइन्स’ऐवजी ‘लोन पाइन’ झाले आहे, म्हणजे हे बदललेले जग आहे. मग जो निघून गेला तो मार्टी या बदललेल्या जगात, धीट वडिलांच्या आणि आनंदी आईच्या घरात वाढलेला असणार. आपला मार्टी त्या घरात येऊन झोपतो, सकाळी उठतो आणि त्याला त्या घरातले बालपण मुळीच आठवत नाही. आईवडिलांना ज्याचे बालपण आठवते तो मुलगा मात्र गेला आहे. मुलाने विचारले, “त्या दुसऱ्या मार्टीला १९५५ मध्ये आईवडील कसे दिसले असतील? आणि तो परत आला तर कोणत्या घरी जाईल?”

आम्ही फळ्यावर एक रेघ काढली, तिला फाटा फोडला, फाट्याला आणखी एक फाटा फोडला. तोवर तास संपल्याची घंटा झाली. फळा पुसू नका, असे त्या मुलाने वर्गातल्या बाईंना सांगून ठेवले आहे.